साहेबाच्या पोथीचं पारायण

शकुनबाईंनी जन्मात कोणाशी आवाज चढवून भांडण केलं नव्हतं. भाजीवाल्याने किडकं वांगं दिलं, तरी दुसऱ्या दिवशी ते पदराखालून परत नेऊन "हे माह्याच घरी किडलं असंन बापा, पण..." अशी त्यांची सुरुवात. त्यामुळे मोहबोडीच्या तलावावर कमलेशने लोखंडी फाटक बसवून त्याला कुलूप ठोकलं, तेव्हा या कुलपाशी कोणी भांडलंच तर त्या शकुनबाई असतील, असं गावात कोणाच्याही मनात आलं नाही. खुद्द शकुनबाईंच्याही नाही.

कमलेशचंही फार चुकलं असं नाही. सोसायटीकडून त्याने तलाव मासेमारीला घेतलेला. चोर जाळी टाकायचे, कमळं तोडणारी पोरं पाणी ढवळून मासे बिथरवायची. तो तरी काय करणार? तलावाची मातीची लांबच लांब पाळ, जिला आमच्याकडे पार म्हणतात, तिच्या तोंडाशी त्याने फाटक लावलं आणि निवांत झोपला.

पण पाराच्या दुसऱ्या टोकाला महादेव होता. आणि शकुनबाईंनी आषाढी एकादशीला नेम धरला होता, की चार महिने, कार्तिकीपर्यंत, रोज सकाळी तलावाचं तांब्याभर पाणी त्या महादेवाला घालायचं आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा. नेम हा असा असतो, की धरताना कोणी साक्षीला नसतं आणि मोडताना सगळं गाव साक्षीला उभं राहतं. शकुनबाईंकडे नेमांची तशी कमी नव्हती. सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन, रोज एकच वेळ जेवण, ते जेवणही पोथीचा अध्याय वाचून झाल्यावर. पण तो पाण्याचा नेम त्यांचा लाडका होता. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नेमाचं कारण सांगितलं की त्याचा नवस होतो, असं त्यांचं मत.

फाटकाला कुलूप बघून त्यांनी पहिल्या दिवशी ते एकदा ओढून पाहिलं. मग पाराच्या पायथ्याशी यादोरावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, त्यांत उतरल्या. गुडघाभर चिखल तुडवत, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात लुगड्याचा सोगा धरून त्या पलीकडे पोचल्या. महादेवाला पाणी मिळालं. परतताना पाय घसरला, तो भाग सांगण्यासारखा नाही.

घरी मारोतराव अंगणात दात घासत होते. सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आपल्या बायकोला कमरेपर्यंत चिखलात माखून येताना त्यांनी प्रथमच पाहिलं.

"हे काय वो? कोठी पडल्या?"

"पडली नाई. बसली," शकुनबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या कमलेशकडे गेल्या. भांडायला नाही, विचारायला. कमलेशने त्यांना खाट टाकली, चहा विचारला. त्यांचा एकभुक्ताचा नेम आठवून स्वतःच जीभ चावली. मग हात जोडून म्हणाला, "काकी, तुमाले सोडलं तं उद्या अख्खं गाव म्हनंन, आमी बी महादेवाचे. मी कोनाकोनाले नाई म्हनू? तुमी एक करा. कागद आना. सरकारी कागद असंन तं मी सोता कुलूप काढतो, आन् वरून तुमच्या पाया पडतो."

कागद आणा! आपल्याकडे या दोन शब्दांनंतर देवसुद्धा गप्प बसतो.

मारोतरावांना मात्र हे ऐकून स्फुरण चढलं. "सरकारी कागद म्हंजे काय, हे तो पोट्टा मले सांगते? मले?" असं म्हणून त्यांनी पेटीतून टोपी काढली. जुन्या काळी इंग्रजांनी गावोगावी बंदोबस्त केला. शेतं मोजली, तलाव पाहिले, पाणी कोणी घ्यायचं, लाकूड कोणी तोडायचं, गुरं कुठून न्यायची, असे सगळे वहिवाटीचे हक्क लिहून ठेवले, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे कागद होता. फक्त तो आणायचा होता. मारोतराव तलाठ्याकडे गेले. तलाठी म्हणाला, इतकं जुनं आमच्याकडे नाही, वरच्या कचेरीत बघा. वरची कचेरी म्हणाली, त्याच्याही वर बघा. त्याच्याही वर एक भले गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "मूळ कागदाच्या मागं लागू नका जी. तो अहवाल पुस्तकात छापलेला आहे, मराठीतही आहे. वाचनालयातून मागवा." हा सगळा प्रवास मारोतरावांनी जाताना टोपी डोक्यावर आणि येताना टोपी हातात, असा केला.

दरम्यान शेजारच्या सीताबाईने आपला उपाय सुचवला होता. सीताबाई माहेरची दिघोरीची, आणि जगातली प्रत्येक अडचण दिघोरीत आधी होऊन सुटलेली असे. "मी सांगतो तुले शकुन. त्या फाटकालेच हळदकुकू लाव. एकदा का तो देव झाला, का कमलेसची हिंमत होनार नाई कुलूप लावाची. आमच्या दिघोरीले..." शकुनबाईंनी भाबडेपणाने फाटकाला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी कमलेशने फाटकाला हार घातला, उदबत्ती लावली, मनोभावे नमस्कार केला, आणि कुलूप जास्त मोठं आणून लावलं.

तिकडे यादोरावाचं धान पोटरीला आलं होतं. तो एक दिवस बांधावर वाट अडवूनच उभा राहिला.

"वैनी, महादेवाचं मी काही म्हनत नाई. पन तुमच्या पायानं माह्या बांधीत गाडरस्ता पडून राहिला."

"पाय जपून टाकतो मी, भाऊजी."

"जपूनच टाकता, मनून तं रोज त्याच जागी पडते! आता लोंब बाहेर पडून राहिली. दसऱ्यापावतर चालवून घेतो. त्याच्यानंतर मंग मले तोंड उघडाले लावू नका."

झालं. इकडे कुलूप, तिकडे लोंब, आणि मध्ये तांब्या घेऊन शकुनबाई. दसऱ्याच्या आत कागद मिळाला नाही, तर नेम मोडणार होता.

सानगडीच्या बाजारापाशी एक लहानसं वाचनालय आहे. शकुनबाई बाजाराला जाताना आयुष्यभर त्याच्या समोरून गेल्या होत्या, पण आत कधी नाही. आत पुस्तकं असतात आणि पुस्तक म्हणजे जबाबदारी, हे त्यांना माहीत होतं. सासूने लग्नानंतर पहिली पोथी हातात देताना बजावलं होतं: उघडलेली पोथी पुरी केल्याशिवाय ठेवायची नाही, मधलं पान आधी वाचायचं नाही, शेवट तर मुळीच नाही. आणि वाचायचं ते मोठ्याने, कारण पोथी आपल्या एकटीची नसते. शकुनबाईंनी त्यानंतर पोथ्याच वाचल्या. त्यामुळे हा नियम फक्त पोथ्यांचा आहे की सगळ्याच पुस्तकांचा, असा प्रश्न पडण्याची वेळच आली नव्हती.

वाचनालयात योगेंद्र नावाचा ग्रंथपाल होता. तरुण, शिकलेला, अदबीचा. त्याच्या डोक्यावर भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, आणि ती राखायला तिथे तो एकटाच असे. शकुनबाई नेमक्या सोमवारी गेल्या.

"सभासद व्हायचं का मावशी?"

शकुनबाईंनी मान डोलावली.

"कोणतं पुस्तक पाहिजे?"

शकुनबाईंनी हाताने तलाव काढून दाखवला. मग त्यात पाणी ओतलं. मग नमस्कार केला.

"जलसमाधी?" योगेंद्र घाबरून म्हणाला.

मंगळवारी त्या पुन्हा गेल्या, आणि सगळं रीतसर झालं. पुस्तक तिथे नव्हतं, जिल्ह्याहून मागवावं लागणार होतं. मागणीच्या चिठ्ठीवर योगेंद्रने आपल्या समजुतीने लिहिलं, 'जिल्ह्यातील तलावांविषयी जुना शासकीय अहवाल'. तिकडच्या माणसाने आपल्या समजुतीने वाचलं. आठवड्याभराने आलं ते मत्स्यव्यवसायाच्या एका जुन्या वर्षाचं प्रतिवृत्त. योगेंद्र कपाळाला हात लावून ते परत बांधणार, तोवर शकुनबाईंनी पाय धुऊन येऊन, पुस्तकाला नमस्कार करून, पहिलं पान उघडलंसुद्धा होतं.

"मावशी, हे ते नाही. चुकीचं आलं."

"पन उघडलं न बापा."

"मग?"

"मंग काय. आता पुरं करा लागंन."

आणि त्यांनी ते पुरं केलं. मौनाचा सोमवार सोडून रोज दुपारी काळीपिवळीने सानगडीला यायचं, दिवेलागणीपर्यंत वाचायचं, घरी जाऊन जेवायचं. रोहू, कतला, मृगळ, बोटुकल्यांची, म्हणजे बोटभर पिल्लांची, मरतूक, पाण्यात चुना किती टाकावा, सगळं त्यांनी हळू सुरात, ओवी म्हणावी तसं म्हणून काढलं. एक तक्ता आला, त्यात नुसते आकडे होते. तोही सोडला नाही. या वाचनाचा एकच फायदा झाला, तोही शत्रुपक्षाला. कमलेशचे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, तेव्हा शकुनबाईंनी चिखलातून जाताजाता त्याला हाक मारून सांगितलं, "पहाटे पानी ढवळून दे रे बाप्पा, हवा कमी पडून राहिली त्याहीले." मासे वाचले. कमलेशने तिथेच, फाटकाच्या आतून, साष्टांग नमस्कार घातला. कुलूप काही काढलं नाही. "तत्त्वाची गोष्ट आहे, काकी," तो म्हणाला.

मग खरं पुस्तक आलं. जाडजूड, पाठीवर कापड डकवलेलं, पानं करकर वाजणारी. कुण्या बंदोबस्त साहेबाने तंबू ठोकत ठोकत जिल्हाभर फिरून लिहिलेला अहवाल, आणि मागाहून कोणीतरी त्याचं मराठी केलेलं. ते घरी न्यायची परवानगी नव्हती, तिथेच बसून वाचायचं. योगेंद्रने पुढे होऊन उत्साहाने सांगितलं, "मावशी, मागे सूची आहे. 'म' मध्ये मोहबोडी बघायचं, पान काढायचं, दोन मिनिटांचं काम."

शकुनबाई त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू त्याने आरतीच्या आधी प्रसाद खायला सांगितला.

"माहं पोरगं असतं तं रागावली असती," त्या हळूच म्हणाल्या, आणि पहिलं पान उघडून पहिल्या ओळीपासून सुरू झाल्या. 'या जिल्ह्याच्या उत्तरेस...'

आता यात एक गोष्ट अशी झाली, की शकुनबाईंचा आवाज फार बारीक. मोठ्याने वाचणारा माणूस असला की लोक दुरून ऐकतात आणि निघून जातात. बारीक आवाजाचं ऐकायचं तर जवळ येऊन बसावं लागतं. बाजाराला आलेली सीताबाई, आपल्या शेजारणीला कोणी पळवून तर नेलं नाही हे बघायला आत डोकावली, आणि टेकली. तेव्हा साहेब जंगलात पोचला होता. घोडा वाघाच्या वासाने अडला होता.

"मंग?" सीताबाई म्हणाली.

वाघाच्या दिवशी एक सीताबाई होती. पावसाच्या प्रकरणाला चार बाया झाल्या. धानाच्या जातींचं प्रकरण आलं, तेव्हा बाजार करून थैल्या घेतलेले म्हातारेही भिंतीला टेकून बसले, आणि 'हे धान आता दिसत नाही' म्हणून प्रत्येक नावाला उसासे टाकू लागले. मग गावांची वर्णनं सुरू झाली, तशी गर्दी वाढली. कारण प्रत्येकाला आपल्या गावाबद्दल साहेब काय म्हणाला, ते ऐकायचं होतं. एका गावच्या लोकांना साहेबाने 'कष्टाळू परंतु हट्टी' म्हटलं होतं. ते लोक छाती फुगवून गेले. एका गावाचं वर्णन एका ओळीत संपलं, तर तिथला माणूस योगेंद्रशी भांडायला उठला, "पान फाडलं कोनं? आमचं गाव येवढंसं हाय का?"

"वाचनालयात शांतता..." योगेंद्र म्हणू लागला.

"तूच बोलून राहिला न बे! आमी तं ऐकून राहिलो," सगळे म्हणाले. आणि ते खरं होतं.

अहवालाच्या मध्यावर साहेबाला ताप आला. त्याने ते फार लिहिलं नव्हतं. 'प्रकृती बिघडल्याने मुक्काम लांबला', एवढंच. पण शकुनबाईंनी ती ओळ दोनदा वाचली, आणि सीताबाईने डोळ्याला पदर लावला. "लेकराले परमुलखात कोनी पेज तरी करून देल्ली असंन का वो?" दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुस्तकासमोर समई आणून ठेवली. योगेंद्रने ती आगीच्या भीतीने काढली, तर नारळ आला. नारळ फोडायची परवानगी नाही म्हटल्यावर तो न फोडता ठेवला. पुढच्या मुक्कामी साहेब बरा होऊन घोड्यावर बसला, तेव्हा साखर वाटली गेली. ती योगेंद्रनेही खाल्ली. इतकी माणसं वाचनालयात बघून कमिटीने त्याची पाठ थोपटली होती, हे कबूल केलं पाहिजे.

हे सगळं फार छान चाललं होतं. मारोतरावांना तेवढं पटत नव्हतं. अख्खी नोकरी डाकखान्यात गेलेल्या माणसाची बायको भर बाजारात पोथी सांगते, याचं त्यांना काय वाटावं ते त्यांचं ठरत नव्हतं. ते रोज वाचनालयाबाहेर पानठेल्यापाशी उभे राहून, आपण शकुनबाईंचे कोणी नाही, असा चेहरा करत. पण कान आत असत. आणि दसरा जवळ येत होता, मोहबोडी मात्र येत नव्हती.

"अवो, तो पोट्टा म्हनते तसं मागचं पान पाहून घ्या न एकदाचं," ते एका रात्री जेवताना म्हणाले. "यादोराव काठी घेऊन बसला आहे."

"साहेब ताप अंगावर काढून गावोगाव फिरला," शकुनबाई म्हणाल्या, "आन् आपुन त्याले मधातच सोडून पुढं पळाचं?"

डाकखात्याच्या नियमावलीत याला उत्तर नव्हतं.

शेवटी योगेंद्रलाच राहवलं नाही. त्याचं मन चांगलं होतं. अशाच मनाच्या माणसांमुळे बहुतेक घोटाळे होतात. त्याने सकाळी, शकुनबाई यायच्या आधी, सूची पाहिली, मोहबोडीचं पान उघडलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मारोतरावांना पाठवला. मारोतरावांनी चष्मा पुसून वाचलं. 'मौजे मोहबोडी. तलाव एक, मोठा. पारावरून जाण्यायेण्याची वाट गावातील सर्व रयतेस, बायकांस व गुरांस मोकळी असावी. देवास, पिण्यास व घरखर्चास पाणी नेण्यास कोणीही हरकत करू नये.' आणि पान संपलं.

मारोतराव टोपी घालून कमलेशकडे गेले. ही त्यांच्या टोपीच्या आयुष्यातली सर्वात मोठी फेरी. कमलेशने फोटो वाचला, मोठा करून वाचला, आणि दिलेल्या शब्दाला जागून सगळ्या गावासमोर कुलूप काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं पारावरून धावत सुटली, बाया घागरी घेऊन निघाल्या, म्हशीसुद्धा निघाल्या. सीताबाई म्हणाली, आमच्या दिघोरीलेही असंच झालं होतं. सगळ्यांनी शकुनबाईंचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शकुनबाई तांब्या घेऊन आल्या. फाटक सताड उघडं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि यादोरावाच्या चिखलात उतरल्या.

गाव थक्क झालं. यादोराव तर बांधावर मटकन बसलाच. "वैनी! वाट मोकळी आहे न! हा काय राजमार्ग तिकडं!"

"भाऊजी, पोथी त्या पानावर नाई आली अजून," शकुनबाई चिखलातून हळूच म्हणाल्या. "न वाचल्या पानाचं फळ आधीच घ्याचं नसते."

"अवो, फळ कायले म्हनता, फाटक आहे ते लोखंडाचं!"

"दसऱ्यापावतर तुमी म्हनलं होतं. मी त्याच्या आत आटोपतो."

मारोतराव त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. ज्याच्यासाठी आपण टोपी झिजवली, ते फाटक उघडं टाकून बायको चिखलातून जाते, हे दुःख कोणाजवळ सांगावं? लोक आधी हसले, मग त्यांनी समजूत घातली, मग नाद सोडला. पण एक झालं, वाचनालयात मोहबोडीची माणसं कमी झाली. त्यांचं काम झालं होतं. आता ऐकायला यायची ती सीताबाई आणि साहेबावर जीव जडलेल्या इतर गावांच्या बाया.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी साहेबाचा तंबू मोहबोडीला पडला.

ही बातमी मात्र पसरली होती. आपल्या गावाचं मोठ्याने वाचलेलं ऐकायला सगळे आले. कमलेश आला, यादोराव आला, मारोतरावही प्रथमच आत येऊन खुर्चीवर बसले. शकुनबाईंनी पुस्तकाला नमस्कार केला. 'मौजे मोहबोडी. तलाव एक, मोठा.' लोकांनी माना डोलावल्या. 'वाट सर्व रयतेस, बायकांस व गुरांस मोकळी असावी.' कोणीतरी "वा रे साहेब!" म्हणालं. 'कोणीही हरकत करू नये.' सगळ्यांनी कमलेशकडे पाहिलं, आणि तो लाजून हसला.

लोक उठायला लागले. शकुनबाईंनी पान उलटलं.

"'परंतु,'" त्यांनी वाचलं.

उठणारे अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"'परंतु हा हक्क ज्या घरातील प्रत्येक धडधाकट माणूस, बाई अथवा पुरुष, दरसाल दसऱ्यापासून कार्तिकी पुनवेपर्यंत पारावर रोज एक टोपली माती टाकील, त्याच घरास राहील. कारण पार गावाने राखला नाही तर तलाव राहणार नाही. मासे धरणाऱ्याने दुप्पट टाकावी.'"

कमलेशचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

"सरकारी नोकराले सूट असंन," मारोतराव खुर्चीतून घाईने म्हणाले.

"'पाटील, पुजारी व सरकारी नोकर यांस सूट नाही,'" शकुनबाईंनी वाचलं. "'जो टाकणार नाही, त्याची वाट बंद.'"

वाचनालयात तेव्हा जी शांतता पसरली, तशी त्या पाटीने कधी अनुभवली नसेल. योगेंद्रने मोबाइल उघडून आपला फोटो पाहिला, मग पुस्तक पाहिलं, मग मोबाइल खिशात ठेवून तो कपाटं पुसायला लागला. शेवटी सीताबाईला वाचा फुटली.

"अवो शकुन! तुले कोनं सांगतलं होतं पान उलटवाले?"

आणि मग जो गलका झाला! कोणी म्हणालं, पहिलं पान खरं, दुसरं जुनं झालं. कोणी म्हणालं, साहेब तापात होता तेव्हाचं आहे हे. यादोराव म्हणाला, माही वाट बांधीतून, मले लागू नाई. कमलेशने दोन्ही हात वर केले. "एका पानानं मी कुलूप काढलं. मले लागली नाई का गोष्ट? लागली. पन मानलं न मी! मी दुप्पट टाकतो. आता दुसरं पान तुमी माना. नाई तं उद्यापासून ते कुलूप मी नाई लावत, हा साहेब लावते." शकुनबाईंचा बारीक आवाज त्या गोंधळात कुठे ऐकू येणार? दिवे लागले, वाचनालयाची वेळ संपली, आणि त्या पान तसंच ठेवून उठल्या. अर्थात खूण घालून.

दसऱ्याच्या पहाटे शकुनबाई अंगणातल्या तुळशीमागची माती टोपलीत भरत होत्या. मारोतरावांना त्यांनी उठवलं नाही. ज्याचा नेम त्याने करावा, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपली ठेवून पुण्य होत नाही. डोक्यावर टोपली, हातात तांब्या, अशा त्या फाटकापाशी आल्या. बांधीकडे त्यांनी पाहिलंही नाही. उघड्या फाटकातून, कोरड्या पायांनी, त्या पारावर चढल्या. जिथे पावसाने खांड पडली होती तिथे टोपली पालथी केली, हाताने माती दाबली. मग तलावाचं पाणी घेतलं आणि महादेवाला घातलं. त्या दिवशी महादेवासमोर त्या रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ बसल्या. नेम मोडला नव्हता. उन्हं येईपर्यंत तिथे कोणी नव्हतं, म्हणून काय बोलणं झालं ते सांगता येत नाही.

परत फिरल्या तर फाटकाशी ही गर्दी! कमलेश दोन टोपल्या घेऊन, सीताबाई घमेलं घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे मारोतराव. त्यांनी आपली टोपली गमच्यात बांधून आणली होती, कोणाला वाटावं सोनं लुटायला आपट्याची पानं नेतात. पण सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या. कारण तलावाच्या पोटातली माती घ्यावी तर तिथे पाणी भरलेलं, आणि खाली यादोराव बांधावर काठी आडवी धरून बसलेला. "माह्या बांधीतलं ढेकूळ कोनं उचललं तं पाहा!"

"मंग माती आनाची कोठून?" कमलेशने विचारलं.

कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणालं रस्त्याची, कोणी म्हणालं टेकडीची, कोणी म्हणालं ज्याने त्याने आपलं अंगण खोदावं. त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. हळूहळू सगळ्या माना शकुनबाईंकडे वळल्या.

"शकुन," सीताबाई म्हणाली, आणि तिचा आवाज कालच्यापेक्षा फारच मऊ होता. "तुह्या साहेबानं लिवलं असंन न वो, माती कोठची घ्याची ते?"

"असंन न. मोठा बारीक मानूस होता."

"कोठी लिवलं असंन?"

"पुढच्या पानावर असंन."

सीताबाईने रिकामं घमेलं काखेत मारलं आणि सानगडीच्या वाटेकडे बघितलं. "मंग आज सुट्टी असो का दसरा असो, त्या योगेंद्राले घरून उठवा. चाल बाई, उलटव पान!"